रिव्हेट कलतो, पत्र्यावर चंद्रकोर उमटते: गन बदलायच्या आधी काय तपासावं

घरी ॲल्युमिनियमचं विमान बांधताना पत्रे रिव्हेटने (धातूच्या खिळीने) जोडतात, आणि तो हवेवर चालणाऱ्या रिव्हेट गनने ठोकतात. तो नीट बसत नाही तेव्हाची लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

– पत्र्याच्या मागे हात घालून बोट फिरवलं, तर रिव्हेटचं मागचं डोकं (शॉप हेड) एका अंगाला कललेलं लागतं. कधी दांडाच दुमडून आडवा झालेला असतो.
– पुढचं, कारखान्यातून आलेलं डोकं पत्र्याला पूर्ण टेकत नाही. कडेला बारीक काळी रेघ दिसते.
– दोन पत्रे एकमेकांना नीट चिकटलेले नाहीत, आणि रिव्हेट मधल्या फटीत फुगला आहे.
– पत्र्यावर डोक्याशेजारी नख रुतल्यासारखी चंद्रकोर उमटली आहे.
– फ्लश (पत्र्याशी सपाट बसणाऱ्या) रिव्हेटभोवतीचा पत्रा बशीसारखा खोल गेला आहे. तिरप्या उजेडात सगळी ओळ लाटेसारखी दिसते.
– मागचं डोकं चकतीसारखं पातळ पसरलंय आणि कडेला चिरा पडल्यात.

ॲल्युमिनियमचं विमान घरी बांधणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला यातली दोन-तीन तरी येतातच. छोट्या दोन सीटच्या विमानातही रिव्हेट दहा हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त असतात, त्यामुळे एकच चूक शंभर वेळा करायला भरपूर वाव असतो. मी स्वतःच्या शेपटीवर आणि पंखांवर हे सगळं भोगलंय आणि नंतर इतरांच्या वर्कशॉपमध्येही हेच निस्तरत आलोय. बहुतेक वेळा समोरच्याने नवी गन घ्यायचं ठरवूनच टाकलेलं असतं. गनचा दोष मला क्वचितच सापडला आहे.

आधी मोजा

नुसतं बघून "वाईट बसला" म्हणू नका. बसलेल्या रिव्हेटचं मागचं डोकं दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धा पट उंच असावं. म्हणजे १/८ इंची रिव्हेटला साधारण ४.८ मिमी रुंदी आणि १.६ मिमी उंची. ३/३२ इंचीला साधारण ३.६ आणि १.२ मिमी. हा झाला आदर्श. खालची मर्यादा साधारण रुंदीला १.३ पट आणि उंचीला ०.४ पट धरतात. तुमच्या किटच्या (विमानाच्या सुट्या भागांच्या संचाच्या) पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

दर वेळी व्हर्नियर लावायची गरज नाही. पत्र्याच्या तुकड्यात दीडपट व्यासाचं भोक पाडा आणि त्याची जाडी उंचीइतकी ठेवा. झालं गेज. डोकं भोकातून आरपार जातंय आणि तुकड्याच्या वर चांगलं उरतंय, तर रिव्हेट अजून कमी ठोकलाय. भोकात शिरत नाही आणि शेजारी धरलेल्या तुकड्यापेक्षा बुटकं आहे, तर जास्त ठोकलाय.

फट दिसत असेल तर फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचातली) ०.००२ इंची पाती घालून बघा. ती दांड्यापर्यंत आत गेली तर तो रिव्हेट काढायचा. कडेलाच अडली तर बहुतेकदा राहू देता येतो.

पहिली तपासणी: हातातला रिव्हेट बरोबर आहे का

फुकटची तपासणी, आणि निम्मी दुखणी इथेच सापडतात. डबीत हात घातला, मागच्या कामातले दोन-चार लांब रिव्हेट मिसळलेले होते, आणि तेच कलले, असं कितीदा झालंय. बांधणीत मुख्यतः दोन जाती लागतात: गोल डोक्याचा एएन४७० आणि पत्र्याशी सपाट बसणारा, १०० अंशांच्या डोक्याचा एएन४२६. "एडी" अक्षरं मिश्रधातू सांगतात, आणि एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. खळगा नसेल तर तो रिव्हेट बाजूला ठेवा, कोणत्या धातूचा आहे ते कळेपर्यंत वापरू नका.

नावातला पहिला आकडा व्यासाचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत. दुसरा लांबीचा, सोळाव्या भागांत. लांबीचा हिशोब सोपा आहे: सगळ्या पत्र्यांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे म्हणजे ०.०६४. त्यात १/८ च्या दीडपट, ०.१८७५. बेरीज ०.२५१५, म्हणजे पाव इंच, म्हणजे ४-४. रिव्हेट भोकात घाला, मागून बाहेर आलेला दांडा मोजा. दीडपटीपेक्षा बराच जास्त निघाला तर तो कलणारच, कारण लांब दांडा ठोकला की आधी वाकतो आणि मग पसरतो. आखूड निघाला तर भरपाई म्हणून आपण जास्त ठोकतो आणि डोकं चकतीसारखं होतं.

नकाशावर छापलेली लांबी शंभर टक्के जुळेलच असं नाही. जिथे तीन पत्रे एकावर एक येतात तिथे मी प्रत्येक वेळी मोजतो.

दुसरी: स्क्वीझरने एक ठोकून बघा

ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि मला तीच सगळ्यात उपयोगी वाटते. त्याच जाडीचे दोन भंगार तुकडे घ्या, तीच ड्रिल बिट, तोच रिव्हेट. हाताच्या किंवा हवेच्या स्क्वीझरने (रिव्हेट दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबणाऱ्या हत्याराने) दाबा. स्क्वीझरमध्ये दोन्ही डाय (दाबणारे साचे) एका रेषेत असतात, त्यामुळे हाताचा दोष आपोआप वगळला जातो.

स्क्वीझरने सरळ बसला आणि गनने कलला, तर चूक धरण्यात किंवा हवेच्या दाबात आहे. पुढच्या दोन तपासण्या तुमच्यासाठी. स्क्वीझरनेही कलला, तर लांबी, भोक किंवा पत्र्यांमधली फट बघायची. मधलं सोडून थेट भोकांकडे जा. पाच मिनिटांच्या या प्रयोगाने संध्याकाळ वाचते.

तिसरी: सेट आणि हवा

गनमध्ये लावलेला सेट (रिव्हेटच्या डोक्यावर फटके देणारा पुढचा तुकडा) काढून हातात घ्या. गोल डोक्याच्या सेटची वाटी रिव्हेटच्या डोक्यापेक्षा किंचित उथळ आणि मोठी असते, म्हणजे फटका डोक्याच्या मधोमध बसतो. ३/३२ च्या रिव्हेटवर चुकून १/८ चा सेट लावला, की वाटीची कड पत्र्यावर आपटते आणि चंद्रकोर उमटते. आकार बरोबर असूनही उमटत असेल, तर सेटवर पूर्वीच्या कामाचा प्रायमर किंवा ग्रीस आहे का बघा. गुळगुळीत, तेलकट सेट डोक्यावरून घसरतो. पुसून कोरडा करा आणि वाटीत मास्किंग टेपचा एक थर लावा. टेप फाटली की बदला.

हवेचा दाब गन चालू असताना बघायचा असतो. रेग्युलेटरवर ४० पीएसआय दिसतंय, ट्रिगर दाबला की पाइप लांब आणि बारीक असल्यामुळे काटा खाली येतो, आणि आपल्याला वाटतं गन कमजोर आहे. ३एक्स गनवर (३एक्स हे गनचं माप) मी ३/३२ साठी ३० ते ३५ पासून आणि १/८ साठी ४० च्या आसपास सुरुवात करतो, आणि भंगार तुकड्यावर दोन-तीन सेकंदांत रिव्हेट पूर्ण बसेपर्यंत हळूहळू वाढवतो.

दाब फार कमी ठेवणं सुरक्षित वाटतं, पण उलट नुकसान होतं. ॲल्युमिनियम फटक्यांनी कडक होत जातं. दहा सेकंद टकटक करत राहिलात, तर दांडा पसरायच्या आधीच कडक होतो. मग पसरायला आणखी जोर लागतो आणि शेवटी कडेला चिरा पडतात. थोडे, पण पुरेशा जोराचे फटके हवेत.

कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा, गन चालवणारा आणि मागून आधार देणारा, दोघांनाही. पंखाच्या आत डोकं घातलेल्याला तर आधी.

चौथी: बकिंग बार आणि त्यामागचा माणूस

बकिंग बार म्हणजे हातात धरलेली ऐरण. गन ठोकते, पण मागचं डोकं घडवतो तो बार. म्हणून कललेला रिव्हेट दिसला की माझी नजर आधी बारकडे जाते.

बारचा चेहरा आरशासारखा गुळगुळीत हवा. खाचा असतील तर त्या डोक्यावर उमटतात आणि तिथूनच चीर सुरू होऊ शकते. बारचं वजनही बघा. हलका बार प्रत्येक फटक्याला मागे उडतो आणि परत येताना तिरका आपटतो. जागा अरुंद असेल तर टंगस्टनचा बार घ्यावा. त्याची घनता पोलादाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे मुठीत मावणारा तुकडाही पुरेसा जड लागतो.

आता धरण्याची पद्धत. माझ्या एका पंखाच्या खालच्या पत्र्यावर सलग अकरा रिव्हेट कलले, सगळे पुढच्या कडेच्या दिशेला. लांबी मोजली, भोकं मोजली, दाब वाढवला, कमी केला. काही फरक पडेना. शेवटी टॉर्च घेऊन दुसऱ्या भोकातून आत पाहिलं. बार धरणाऱ्याचं मनगट रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्टीच्या) वळवलेल्या कडेवर टेकत होतं. बाहेरून त्याचा हात अगदी सरळ वाटत होता, पण आत बारचा चेहरा दोन-तीन अंशांनी तिरका होता. रिबची ती जागा टाळून बार उलटा धरला आणि बारावा रिव्हेट सरळ बसला.

त्या दिवसापासून मी कललेल्या रिव्हेटांची दिशा बघतो. सगळे एकाच बाजूला कलले असतील तर बार तिरका आहे किंवा कशाला तरी अडतोय. एक इकडे, एक तिकडे असेल तर लांबी किंवा भोक बघा. आणि पहिले चार चांगले, नंतरचे सगळे वाईट असतील, तर माणूस दमलाय. थांबा, हात मोकळे करा.

दोघांनी काम करताना क्रम ठरवून घ्या. गनवाला आधी सेट डोक्यावर टेकवून रेटून धरतो आणि "धरला" म्हणतो. मग आतला बार दांड्यावर टेकवतो आणि "हं" म्हणतो. मगच ट्रिगर. थांबल्यावर बार आधी काढायचा, गन नंतर. गन आधी उचलली आणि ट्रिगरवरचं बोट उशिरा निघालं, तर पत्र्यावर चंद्रकोर उमटते. आवाज ऐकू येत नसेल तर पत्र्यावर टकटक करून खुणा ठरवा: एकदा म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे अजून थोडा, तीनदा म्हणजे थांब, बिघडला.

पाचवी: भोक, बर आणि पत्र्यांमधला चुरा

३/३२ साठी ४० नंबरची बिट (०.०९८ इंच), १/८ साठी ३० नंबरची (०.१२८५ इंच). बोथट बिट भोक मोठं आणि तिकोनी करते, आणि हात हलला तर लंबगोल. अशा भोकात दांड्याला हलायला जागा मिळते आणि तो कलतो. नव्या बिटने भंगार पत्र्यात भोक पाडा, जुन्यानेही पाडा, दोन्हींत तोच रिव्हेट घाला. जुन्यात तो खडखड वाजत असेल तर बिट टाकून द्या. बिट हा वर्कशॉपमधला सगळ्यात स्वस्त खर्च आहे, तिथे हात आखडू नका.

भोक पत्र्याला काटकोनात आहे का? भोकात बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून शेजारी छोटा गुण्या धरा. तिरकं भोक असेल तर बार कितीही सरळ धरा, डोकं तिरकंच बसणार.

मग बर. प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बारीक धार काढायची, तीही एक-दोन हलक्या वळशांत. जास्त वळसे दिले तर भोकाची कड काउंटरसिंकसारखी (डोकं बसवायला कापून केलेल्या शंकूसारख्या खळग्यासारखी) खोल होते, आणि तिथे रिव्हेट फुगून दोन पत्रे दूर ढकलतो. बर काढून झाल्यावर बोटाने चाचपून बघा, काहीही अडलं नाही पाहिजे.

आता पत्र्यांमधला चुरा. दोन पत्रे एकत्र धरून ड्रिल केले की बिटमधून निघालेला बारीक, कुरळा ॲल्युमिनियमचा कीस मधल्या फटीत अडकतो. केसाएवढा तुकडा असला तरी पत्रे टेकत नाहीत. गनचा पहिला फटका बसतो, दांडा सगळ्यात सोप्या दिशेला, म्हणजे त्या फटीत पसरतो. पत्रे कायमचे दूर राहतात, आणि तो रिव्हेट पत्र्यांना घट्ट धरूच शकत नाही. बाहेरून मात्र सगळं नीटनेटकं दिसतं. म्हणून शेवटचं ड्रिलिंग झालं की क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) काढून पत्रे सुटे करा, पुसा, बर काढा, मग पुन्हा जोडा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि लोक तो टाळतात हे मला माहीत आहे. माझी कळकळीची विनंती आहे, टाळू नका.

पुन्हा जोडताना एक भोक सोडून एक क्लेको लावा, वळणदार जागी प्रत्येक भोकात. रिव्हेट ठोकायच्या आधी नखाने पत्र्याची कड दाबून बघा. "टिक" असा बारीक आवाज आला तर तिथे अजून फट आहे.

सहावी: फ्लश रिव्हेटचा खळगा

ही तपासणी फक्त एएन४२६ साठी. डोकं पत्र्याच्या वर राहतंय किंवा भोवती बशी झालीये, तर डिंपल (डोकं बसण्यासाठी पत्रा डायने दाबून केलेला खळगा) अर्धवट दाबला गेलाय. डाय एकमेकांना पूर्ण टेकेपर्यंत दाबायला हवं. नीट दाबलेल्या डिंपलची कड तीक्ष्ण दिसते आणि पत्र्याचं प्रतिबिंब अगदी कडेपर्यंत सरळ राहतं.

खालचा भाग जाड असेल आणि त्यात काउंटरसिंक केलं असेल, तर वरचा डिंपल त्यात बसण्यासाठी ते थोडं जास्त खोल लागतं. त्यात नुसता रिव्हेट सपाट बसला म्हणून थांबलात, तर वरचा डिंपल लावल्यावर तो अधांतरी राहतो. डिंपल केलेला भंगार तुकडा त्यात ठेवून बघा. डुलला नाही पाहिजे. काउंटरसिंकची खोली ठरवणाऱ्या मायक्रोस्टॉपच्या पिंजऱ्याचा एक खटका म्हणजे एक हजारांश इंच, तेव्हा एकेक खटका वाढवत जा.

पातळ पत्र्यात काउंटरसिंक करू नका. ३/३२ साठी पत्रा निदान ०.०३२ इंच जाड हवा. त्याहून पातळ असेल तर डिंपलच करायचा. नाहीतर भोकाची कड सुरीच्या धारेसारखी होते आणि रिव्हेट सैल होत जातो.

काढायचा की राहू द्यायचा

हे मी सावकाश सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. किंचित कललेला, पण भोक पूर्ण झाकणारा, फट नसलेला, मापात बसणारा रिव्हेट राहू द्या. तो काढताना भोक लंबगोल होण्याची शक्यता मूळ दोषापेक्षा जास्त वाईट असते. नव्या माणसाने एक कललेला रिव्हेट काढून तिथे इंग्रजी आठ आकड्यासारखं (8) भोक करून ठेवलेलं मी अनेकदा पाहिलंय.

काढायचाच असेल तर पुढच्या डोक्याच्या मधोमध, एडीच्या खळग्यात, रिव्हेटच्याच मापाची बिट टेकवा आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करा. बिट पत्र्यात उतरू देऊ नका. मग त्या भोकात टोच्या घालून हलकेच कलता केला की डोकं टिचून निघतं. उरलेल्या दांड्यात लहान बिटने मधोमध भोक पाडा, म्हणजे त्याची पकड सुटते. मागून, भोक असलेला लाकडी ठोकळा पत्र्याला टेकवून आधार द्या आणि टोच्याने हलक्या हाताने बाहेर काढा. आधाराशिवाय ठोकलात तर रिब वाकते.

भोक मोठं झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट लावता येतो, पण आधी कडेपासूनचं अंतर मोजा: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत व्यासाच्या निदान दुप्पट, फ्लशला अडीच पट. १/८ साठी दुप्पट म्हणजे ६.४ मिमी. फ्लश ३/३२ चं भोक बिघडलं असेल तर एनएएस१०९७ जातीचा १/८ रिव्हेट उपयोगी पडतो. त्याचा दांडा जाड असतो, पण डोकं लहान असल्यामुळे ते जुन्या डिंपलमध्ये जवळजवळ तसंच बसतं.

चंद्रकोरीचं सांगायचं तर, नख अडकत नसेल इतकी उथळ असली तर बारीक पॉलिश पेपरने कडा मऊ करून घ्या. तीक्ष्ण तळ तसाच ठेवू नका, तिथून चीर सुरू होते. नख स्पष्ट अडकत असेल तर पुढचा भाग वाचा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खालीलपैकी काहीही असेल तर हत्यार खाली ठेवा. किटच्या डिझायनरला, परवानाधारक विमान मेकॅनिकला किंवा घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेतल्या तांत्रिक सल्लागाराला विचारा.

स्पारवरचा (पंखाचा भार घेणाऱ्या मुख्य तुळईवरचा), पंखाच्या किंवा शेपटीच्या जोडावरचा, लँडिंग गिअर किंवा इंजिन माउंटजवळचा कुठलाही रिव्हेट बिघडला असेल. तिथे एक माप मोठा रिव्हेट लावायचा निर्णयसुद्धा स्वतः घेऊ नका.

भोकापासून निघालेली चीर, कितीही लहान असो.

इंग्रजी आठ आकड्यासारखं भोक, किंवा कडेपासूनचं अंतर मर्यादेच्या खाली गेलेलं.

नख अडकणारी खोल चंद्रकोर. २०२४-टी३ ॲल्क्लॅड पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर गंजापासून संरक्षण करतो. खोल ओरखडा तो थर फाडून खालच्या मूळ धातूपर्यंत गेलेला असू शकतो.

एकाच ओळीतले सलग तीन-चार रिव्हेट मर्यादेबाहेर.

आणि विमान उडायला लागल्यावर एखाद्या रिव्हेटच्या डोक्यामागून हवेच्या दिशेने काळपट रेघ दिसली तर. तो रिव्हेट पत्र्यात हलतोय, घासून निघालेली काळी पूड बाहेर येतेय. पुसून पुन्हा उड्डाण करू नका. आधी तपासून घ्या.

फोन करायच्या आधी एवढं हाताशी ठेवा: रिव्हेटचा पूर्ण नंबर, पत्र्यांची जाडी, मागच्या डोक्याची मोजलेली रुंदी आणि उंची, कडेपासूनचं अंतर, आणि दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून काढलेले. उत्तर येईपर्यंत त्या ओळीतले उरलेले क्लेको तसेच राहू द्या.